उत्पादनाचा ऱ्हास होतो का?

प्रश्न : मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. महिन्याचा अहवाल आम्ही मराठीतून लिहितो. मागच्या अहवालात मी लिहिलं, 'दुसऱ्या शिफ्टमध्ये उत्पादनाचा ऱ्हास झाला.' साहेबांनी 'ऱ्हास' खोडून 'घट' केलं, पण कारण सांगितलं नाही. कोशात पाहिलं तर दोन्हींचा अर्थ 'कमी होणे' असाच दिला आहे. मग 'ऱ्हास' वापरायचा तरी कुठे?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : साहेबांची दुरुस्ती बरोबर आहे; कारण सांगायचं राहिलं, ते सांगतो.

'ऱ्हास' मूळचा संस्कृत 'ह्रास'. शाळेत शिकलेला 'ऱ्हस्व' त्याच्याच कुळातला. आखूड होणे, उणे होणे अशा अर्थाच्या एकाच धातूपासून दोन्ही शब्द आले आहेत. त्यामुळे कोशातला अर्थ चुकीचा नाही. मात्र मराठीत वापरता वापरता या शब्दाला वजन आलं. एखादी चांगली, जपण्याजोगी गोष्ट दीर्घकाळ आणि आतून खालावत गेली, तर आपण तिचा ऱ्हास झाला म्हणतो. जंगलाचा ऱ्हास होतो, नदीचा होतो, संस्थेतल्या शिस्तीचा होतो, एखाद्या कलेचा होतो. या शब्दात हळहळ गृहीतच असते.

'घट' मात्र आकड्याचा शब्द. त्यात बरं-वाईट काही नाही. 'कारखान्यातल्या अपघातांत घट झाली' ही आनंदाची बातमी आहे. 'अपघातांचा ऱ्हास झाला' असं कुणीही मराठी माणूस म्हणणार नाही, कारण अपघात कमी झाल्याचं दुःख कुणाला नसतं. तुमच्या शिफ्टमध्ये वीज गेली असेल, दोन माणसं रजेवर असतील, कच्चा माल उशिरा आला असेल. पुढच्या महिन्यात आकडा पुन्हा वर येईल. म्हणून ती घट.

विभक्तीही सांभाळा. घट सप्तमी मागते : 'उत्पादनात घट'. ऱ्हास षष्ठी मागतो : 'गुणवत्तेचा ऱ्हास'. 'गुणवत्तेत ऱ्हास' असं छापलेलं अनेकदा दिसतं, पण ते कानाला खटकतं आणि खटकायलाच हवं.

तुमच्या शॉपवरच यासाठी आणखी नेमके शब्द आहेत. सीएनसीवर टर्निंग चालू असताना इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, कड हळूहळू बोथट होते. जॉबचा बाहेरचा व्यास काही मायक्रॉनने वाढत जातो, ऑपरेटर ऑफसेट देऊन तो सावरतो आणि शेवटी कड बदलतो. हेही हळूहळू कमी होणंच आहे, पण त्याला झीज म्हणतात. घासण्याने जे जातं ते झिजतं : बेअरिंग, चप्पल, उंबरठा, दुसऱ्यांसाठी राबणारा माणूससुद्धा. तेच मशीन हिशेबाच्या वहीत गेलं की झीज दिसेनाशी होते आणि घसारा येतो. आयकराच्या नियमांत सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर घसाऱ्याचा दर वर्षाला 15 टक्के आहे. मशीन दिवसरात्र चालो की वर्षातला बराच काळ बंद राहो, घसारा सहसा त्याच दराने लागतो. म्हणून मेंटेनन्सच्या अहवालात 'स्पिंडलचा घसारा' लिहू नका, आणि ताळेबंदात 'यंत्रांची झीज' लिहू नका.

आता चाकणच्या बाजाराकडे वळू. कांदा-बटाट्यासाठी ही बाजारपेठ जुनी आणि नावाजलेली. तिथे भाव थोडा खाली आला तर 'नरमला' किंवा 'उतरला' म्हणतात, सलग खाली येत राहिला तर 'घसरला', आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा यावा इतका एकदम खाली आला तर 'गडगडला' नाहीतर 'कोसळला'. मालाच्या गाड्या कमी आल्या की आवक 'रोडावली'. पडण्याचा वेगसुद्धा क्रियापदातून कळावा, इतकी ही भाषा बारकाईची आहे. भावाचा ऱ्हास मात्र होत नाही. जो भाव आज पडला तो उद्या चढू शकतो.

कंपन्यांविषयी लिहिताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स घ्या, आपल्याकडची 'एचए'. 1954 साली स्थापन झालेला हा देशातला सार्वजनिक क्षेत्रातला पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तो उभा राहिला, 1955 मध्ये पेनिसिलिन तयार करू लागला, आणि एका अर्थाने पिंपरीची औद्योगिक ओळख त्याच्यापासून सुरू झाली. पुढे परदेशातून स्वस्त माल येऊ लागला, तोटा साठत गेला आणि कारखाना आजारी उद्योगांत गणला जाऊ लागला. याला 'एचएला उतरती कळा लागली' म्हणावं. कळा म्हणजे तेज. चंद्राच्या कलांमधली कळाही हीच. म्हणून एके काळी जिने तेज पाहिलं, तिलाच उतरती कळा लागते. इथे चतुर्थी हवी : 'कंपनीला', 'घराण्याला'. पगार थकले, घेणेकरी दारात आले, म्हणजे कंपनी 'डबघाईला आली'. ती उतरत्या कळेची पुढची पायरी.

चेतक स्कूटरचं निराळं. 1972 पासून बजाजच्या या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. मग मोटरसायकली आल्या, गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि चेतकची मागणी ओसरली. स्कूटर वाईट झाली नव्हती, काळाची लाट मागे गेली होती. चढलेलं परत खाली येतं तेव्हा 'ओसरणे' : पूर ओसरतो, ताप ओसरतो, गर्दी ओसरते. 2020 मध्ये तेच नाव विजेवर चालत परत आलं. ओसरलेलं पुन्हा भरू शकतं. ऱ्हास झालेलं मात्र इतक्या सहज परतत नाही.

चाकणचा संग्रामदुर्गही पाहा. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेपुढे हा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. आज तट आणि बुरूज तुटक उरले आहेत. बांधकामाची ती 'पडझड', आणि गडाच्या एकूण रूपाला आली ती 'अवकळा'.

उरली पवना, आणि इथे 'ऱ्हास' शब्द पूर्णपणे शोभतो. मावळातून येणारी ही नदी रावेतच्या बंधाऱ्यापाशी पिंपरी-चिंचवडला पिण्याचं पाणी देते. तिथून पुढे नाले आणि सांडपाणी घेत, मोरया गोसावींच्या समाधीजवळून वाहत दापोडीला मुळेला मिळेपर्यंत तिचं पाणी ओळखू येत नाही. उन्हाळ्यात पात्रभर जलपर्णी पसरते. पाण्याची पातळी उतरली तर 'खालावली' म्हणा; पाऊस पडला की ती वाढेल. पण मासे, काठचे घाट, पोहायला येणारी मुलं हे सगळं वर्षानुवर्षं एकेक करून जातं, तेव्हा तो नदीचा ऱ्हास असतो.

आणि इथेच एक सावधगिरी हवी. 'पवनेचा ऱ्हास होत आहे' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्यात कर्ता नाही. ऋतू बदलावा तसा नदीचा ऱ्हास आपोआप होतोय, असं ते वाचून वाटतं. नदी आपोआप काळी होत नाही. प्रक्रिया न करता सांडपाणी सोडणारे सोडतात, म्हणून होते. 'ऱ्हास होणे' आणि 'ऱ्हास करणे' यांत मराठीने फरक ठेवला आहे, तो वापरला पाहिजे. बातमीत, निवेदनात, ग्रामसभेच्या ठरावात जिथे करणारा माहीत आहे, तिथे 'करणे' लिहा. 'मूल्यांचा ऱ्हास होत आहे' हे भाषणातलं ठरलेलं वाक्यही याच कारणाने पोकळ लागतं. कुठलं मूल्य, कुणी सोडलं, ते सांगितल्याशिवाय हा जड शब्द वापरून काही साधत नाही.

शेवटी शुद्धलेखन. तुमच्या मूळ पत्रात हा शब्द 'र्हास' असा उमटला आहे. रफार 'हा'च्या डोक्यावर बसला आहे. मोबाइलवर साधा र, हलन्त आणि ह टाइप केलं की असंच होतं. त्याऐवजी खाली टिंब असलेला ऱ घ्या, मग हलन्त, मग 'हास'. लगेच 'ऱ्हास' उमटेल. 'ऱ्हस्व', 'कऱ्हाड', 'कुऱ्हाड' आणि आपल्या हद्दीतली 'चऱ्होली' हे सगळे शब्द याच रीतीने टाइप होतात.