नारळाची कुस्ती आणि नोंदवहीतलं हसू

कोल्हापूरकडच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान उघडतं ते बारक्या पोरांच्या जोडांनी. त्यांना इनाम म्हणजे नारळ, नाहीतर मूठभर रेवड्या. मग इनाम चढत जातं आणि दिवस कलता कलता मोठ्या पैलवानांच्या जोड्या लागतात. त्या नारळाकडे मी आदराने बघतो, कारण तिथे बक्षीस लहान असलं तरी मान पुरा असतो. पोरगं लाल मातीत उतरतं, हलगी वाजते, पंच हात वर करतात, मैदान टाळ्या देतं. आपल्याकडे गमतीच्या गौरवाची दुसरीही एक रीत आहे: शिमग्याला शेलापागोटे द्यायचे, कॉलेजच्या गॅदरिंगला फिशपाँड टाकायचे. तिथे हातात काही पडत नाही, नावाला चिकटवलेली एक ओळ तेवढी मिळते. इचलकरंजीकडच्या, यंत्रमागांच्या कबनूरसारख्या गावात जिओकॅशिंगचा, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे शोधण्याच्या खेळाचा, नाद लागलेल्या चार-दहा जणांनी वर्षाकाठी गमतीचे पुरस्कार वाटायचं मनावर घेतलं, तर या दोन्ही वाटा त्यांच्यापुढे असतात. असा कार्यक्रम व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण अशी मंडळी बहुधा विचार न करताच दुसऱ्या वाटेला लागतात, आणि त्या वाटेवर काय होतं हे आधी सांगितलेलं बरं.

फिशपाँडचा अनुभव आमच्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या गाठीशी आहे. त्याची मांडणीच बघा. चिठ्ठी लिहिणारा निनावी, वाचणारा माइकवर, आणि ऐकून घेणारा तेवढा नावानिशी सगळ्यांसमोर. अशा मांडणीत चिठ्ठ्या हळूहळू कुणाच्या रंगावर, अंगकाठीवर, बोलण्याच्या ढंगावर आणि मुलींवर घसरतात. लिहिणारे वाईट असतात असं मी म्हणणार नाही. शब्दाला मालक नसला की तो सैल सुटतो, एवढंच. पुढे कित्येक कॉलेजांत चिठ्ठ्या आधी तपासायला प्राध्यापक बसवावे लागले, कित्येक ठिकाणी फिशपाँड बंदच पडले. मोठ्या जगातही याहून वेगळं झालेलं नाही. हॉलिवूडमध्ये वर्षातल्या वाईट सिनेमांना ‘गोल्डन रास्पबेरी’ देण्याची गंमत १९८१ पासून चालते. २०२२ मध्ये त्यांनी ब्रूस विलिस या नटाच्या आदल्या वर्षातल्या पडेल भूमिकांसाठी खास वेगळा विभागच काढला. मग त्याच्या घरच्यांनी त्याला वाचाघात झाल्याचं जाहीर केलं आणि तो पुरस्कार मागे घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी बारा वर्षांच्या एका मुलीचं नाव ‘सर्वांत वाईट अभिनेत्री’च्या यादीत आलं. ओरड झाली, नाव काढलं, माफी मागितली, आणि अठरा वर्षांखालच्या कुणाचंही नाव यापुढे घ्यायचं नाही असा नियम केला. या दोन्ही वेळी हसणाऱ्याला समोरच्याचं खरं काय चाललंय हे ठाऊक नव्हतं, किंवा त्याने तिकडे पाहिलं नव्हतं. गावच्या दहा जणांच्या गटातही तेच घडू शकतं. पन्हाळ्याची चढण नेहमी शेवटी पुरी करणाऱ्याला ‘कासव पुरस्कार’ द्यावा असं चटकन सुचतं. त्याचा गुडघा गेलाय की छातीत धाप भरते, हे तो चारचौघांत सांगत नसतो.

जिओकॅशिंगमध्ये मात्र या दुखण्यावरचं औषध खेळाच्या पोटातच आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेच्या सरकारने नागरी जीपीएसच्या संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि साध्या माणसाला जागा एकदम नेमकी सापडू लागली. ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत चार वस्तू होत्या, आणि वही-पेन्सिल होती. ती वही आजही खेळाचा प्राण आहे. डबा जेवणाच्या डब्याएवढा असो की चुंबकाने चिकटवलेली पेराएवढी डबी असो, आत गुंडाळलेली कागदाची पट्टी असतेच. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर अशी डबी उघडली तर पट्टी फुगून डबीला चिकटलेली असते, शाईने लिहिलेली नावं निळ्या डागांत विरलेली असतात, आणि शिसपेन्सिलीने लिहिलेलं तेवढं वाचता येतं. शिवाय प्रत्येक शोधाची नोंद खेळाच्या संकेतस्थळावरही होते, आणि ती सापडल्याचीच असते असं नाही. शोधूनही डबा हाती लागला नाही तर ‘डीएनएफ’, म्हणजे ‘सापडला नाही’, असं लिहायचं. ही नोंद कोणी सक्तीने करून घेत नाही. माणूस आपणहून लिहितो की तासभर बांध धुंडाळला, हात ओरबाडून घेतले, शेवटी रिकाम्या हातांनी परत आलो. म्हणजे स्वतःवर हसण्याची पहिली ओळ त्याने स्वतः, स्वतःच्या नावाखाली लिहिलेली असते. गमतीचा पुरस्कार त्या ओळीलाच द्यावा. ज्यावर माणूस स्वतः हसून मोकळा झालाय तेवढंच व्यासपीठावर आणावं. इतरांनी त्याच्यात जे पाहिलं ते कितीही मजेदार असलं तरी खाली ठेवावं.

नोबेलची गमतीने नक्कल करणाऱ्या इग नोबेलचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. १९९१ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराचं ब्रीदच असं आहे की आधी हसू यावं आणि मग विचार. २००३ मध्ये त्यांनी उत्तर प्रदेशातल्या लाल बिहारी यांना शांततेचं इग नोबेल दिलं. महसूल दप्तराने या माणसाला १९७५ मध्ये मेलेला दाखवलं होतं, आणि कागदावर पुन्हा जिवंत व्हायला त्यांना १९९४ साल उजाडलं. त्या लढ्यात त्यांनी स्वतःच आपल्या नावामागे ‘मृतक’ लावलं आणि आपल्यासारख्यांचा मृतक संघ काढला. हे हसू बाहेरून कुणी त्यांच्यावर टाकलेलं नव्हतं. पुरस्काराने त्यांचाच शब्द उचलून जगासमोर धरला. आणि याच मंडळींची दुसरी रीत अशी की निवड झालेल्याला बहुतेकदा आधी गुपचूप विचारायचं. त्याने नको म्हटलं तर विषय तिथेच संपतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आधी विचारलं तर गंमत काय उरली? पण अचानकपणा हवा असतो तो प्रेक्षकांना. ज्याचं नाव पुकारलं जातंय त्याला अंदाज असला तर तो उलट खुलून उभा राहतो, दोन वाक्यं तयार करून येतो, प्रसंगी पायात चिखलाचे तेच बूट घालून येतो. तीस वर्षांहून जास्त काळ विचारून देऊनही इग नोबेलच्या सभागृहातलं हसू आटलेलं नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा वाटतो. काही जण नोंदीत फक्त तारीख आणि सही ठेवतात. स्वतःबद्दल दोन ओळी लिहिणं त्यांच्या स्वभावात नसतं. मग लिहिणाऱ्यांनाच सगळे मान आणि अबोल माणसं कायम खुर्चीत, असं होणार नाही का? होईल, हे मी कबूल करतो, आणि म्हणूनच नारळाची कुस्ती आठवावी. तिथे पोराचं कौतुक होतं ते मातीत उतरल्याचं. अबोल माणसाचं कामच नोंदीत बोलत असतं: दर पावसाळ्यानंतर जाऊन ओली पट्टी बदलणारा, फुटलेलं झाकण स्वतःच्या खर्चाने बदलणारा, डबा शोधायला जाऊन वाटेवरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पिशवीत भरून आणणारा. ‘ओल्या पट्टीचा मान’ म्हणून त्याला पुढे बोलावलं तर नाव गमतीचं आणि मान खरा. त्याला मात्र चेष्टेचं नाव कधीही देऊ नये. चेष्टेला हो म्हटल्याची त्याची ओळ आपल्याकडे नाही.

आकड्यांचा मोह सर्वांत आधी टाळावा, आणि इथे मी अडून बसेन. कोणी किती डबे शोधले हे संकेतस्थळ आयतं मोजून देतं, त्यामुळे आयोजकांना तो सर्वांत सोपा आणि निष्पक्ष पुरस्कार वाटतो. पण मान ज्या गोष्टीला द्यावा, ती गोष्ट वाढते. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर असावं असा खेळाचा नियम आहे. तोच फूटपट्टीसारखा वापरून अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात एका वाळवंटी रस्त्याच्या कडेने २०१० मध्ये हजाराहून जास्त डबे ओळीने मांडले गेले. गाडी थांबवायची, सही करायची, पुढे जायचं. अशा मार्गांवर काही जण सहीलाही थांबेनात: आधीच सही केलेला डबा इथे ठेवायचा, इथला उचलून पुढच्या जागी. आकडा फुगला आणि शोधणं उरलं नाही. सर्वांत आधी पोचल्याचा मान तर आपल्या भागात थेट जिवावरचा आहे. गळीत हंगामात हातकणंगले-इचलकरंजीच्या रस्त्यांवरून रात्रभर उसाच्या ट्रॉल्या धावतात, कित्येकींच्या मागे दिवा नसतो की चमकणारी पट्टी नसते. नवा डबा जाहीर झाला म्हणून रात्री अकराला मोटारसायकल काढणाऱ्याला आपण व्यासपीठावर नारळ देत असू, तर पुढच्या वर्षी असे दोघे निघतील. चिकाटीचं कौतुक करायचंच तर एकाच बांधावर सात वेळा जाऊन सातव्यांदा डबा शोधणाऱ्याचं करावं. ते नोंदीत तारखांसकट दिसतं आणि त्यात कुणाशी शर्यत नसते.

तसाच धोका ‘सर्वांत अवघड जागी लपवलेला डबा’ या पुरस्कारात आहे. प्रत्येक डब्याला अवघडपणाचे आणि वाटेचे एक ते पाच असे गुण असतात, त्यामुळे पाचाला पाच हा मोह मोठा. पण अवघड जागा म्हटलं की आपल्या मनात पहिल्यांदा गड येतो. पन्हाळा हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यात तो आहे. तटाचा एक चिरा हलवून त्यामागे डबी सरकवणं हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो, आणि खेळाचे स्वतःचे नियमही जमीन खणायला व मालकाच्या परवानगीशिवाय डबा ठेवायला मनाई करतात. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचीही गोष्ट तीच. पुरस्काराच्या यादीत जागेच्या अवघडपणाला स्थानच ठेवू नये. कोड्याच्या अवघडपणाला खुशाल ठेवावं, कारण त्यात झिजतो तो फक्त कागद.

राहिली तयारी. कार्यक्रम खेळाच्या संकेतस्थळावर नोंदवायचा असेल तर निदान दोन आठवडे आधी कळवावं लागतं आणि तो किमान अर्धा तास चालला पाहिजे. मंडळींनी मात्र तो दीड तासाच्या पुढे जाऊ देऊ नये. वेळ ठरवताना मागावरच्या पाळ्या आधी बघाव्यात, नाहीतर रात्रपाळीचा माणूस डोळे चोळत येईल किंवा येणारच नाही. जागेचंही तसंच. कबनुरात भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असेल तर त्या खडखडाटात विनोदाचं शेवटचं वाक्य हमखास बुडतं, आणि ‘काय म्हणाले?’ असं शेजाऱ्याला विचारून कळलेला विनोद मेलेलाच असतो. हॉल आधी माग चालू असताना जाऊन ऐकावा. नोंदी वाचणारा एकच असावा, त्याने त्या शब्दशः वाचाव्यात, पदरची पुस्ती जोडू नये. बहुतेक वेळा घात त्या जोडलेल्या पुस्तीनेच होतो.

आणि चषक विकत आणू नये. या भागात बिनधोट्याचे माग आल्यापासून मागात आडवा धागा नेणारे जुने लाकडी धोटे भंगारात पडलेले सापडतात. धोटा हातात घेऊन बघावा: दोन्ही टोकांना लोखंडी अणी, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं लाकूड, कडेला धागा बाहेर निघायचं चिनी मातीचं बारीक भोक, आणि मधे कांडी बसायची लांबट पोकळी. त्या पोकळीत जिओकॅशिंगची डबी नेमकी मावते. डबीत पट्टी घालावी, मान मिळालेल्याने आपली ओळ तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहावी, वर्षभर धोटा घरी ठेवावा आणि पुढच्या वर्षी परत आणावा. लिहायला शिसपेन्सिल द्यावी.