दुखऱ्या खुब्याची छायाचित्रे

खुब्याच्या सांध्याला उखळीचा सांधा म्हणतात, हे विद्यार्थ्यांना शरीरशास्त्राच्या पाठावरून ठाऊक आहेच. कटीच्या हाडातील खोलगट भागात मांडीच्या हाडाचे गोल डोके बसते व सर्व दिशांना फिरते. हा सांधा झिजून वा मोडून निकामी झाला, की शस्त्रवैद्य त्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवितात. या विद्येचा आजचा पाया इंग्लंडातील रायटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली यांनी घातला. त्यांच्या पहिल्या टेफ्लॉनच्या वाट्या काही वर्षांतच झिजल्या. मग नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी व धातूचा लहान गोळा अशी जोडी बसविली, आणि ती टिकली. असंख्य रुग्ण त्यामुळे पुन्हा चालू लागले. तथापि काहींना त्याच ठिकाणी पुन्हा दुखू लागते; कोणाला वर्षभरात, कोणाला दहा-पंधरा वर्षांनी. ते का दुखते, हे न कापता कसे ओळखावे? आम्ही कलाशाखेचे, तरी हा विषय घेतला, कारण यात पाहण्याहून वाचण्याचे काम अधिक आहे.

चांगला वैद्य प्रथम रुग्णाची हकीकत ऐकतो. दुखणे जांघेत असेल, तर वाटीविषयी संशय येतो. मांडीत असेल, तर हाडात रोवलेल्या दांड्याविषयी. बसून उठल्यावर पहिली चार पावले टाकतानाच कळ येत असेल, तर सांधा सैल झाला असण्याचा संभव असतो. रात्री स्वस्थ पडल्यावरही ठणका राहत असेल, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागते. कित्येकदा तर सांधा निर्दोष असतो आणि दुखण्याचे मूळ कंबरेच्या मणक्यांत निघते.

त्यानंतर क्ष-किरण. रोंटगेन यांनी १८९५ मध्ये वुर्झबर्ग येथे शोधलेले हे किरण आजही या कामी पहिले साधन आहेत. छायाचित्रात धातू शुभ्र दिसतो, हाड त्याहून फिके, आणि पॉलिएथिलीन जवळजवळ दिसतच नाही. म्हणून चार्नली यांच्या वाटीत धातूची एक बारीक तार बसविलेली असे, तिच्यावरून वाटीची जागा कळे. सांधा हाडात पक्का करणारे सिमेंटही मुळात किरणांना पारदर्शकच. ते दिसावे म्हणून त्यात बेरियम सल्फेट मिसळतात. न दिसणाऱ्या वस्तूला दिसावयास लावण्याची ही युक्ती आम्हांस फार आवडली.

आता वाचन कशाचे करावयाचे? सिमेंट व हाड यांच्यामध्ये काळी रेघ दिसते काय, ते पाहावयाचे. बारीक व स्थिर रेघ बहुधा निरुपद्रवी असते. ती दोन मिलिमीटरांहून रुंद झाली, किंवा वर्षागणिक वाढत गेली, की सांधा सुटू लागला असे मानतात. ही रेघ नेमकी कोठे आहे हे सर्वांना एकाच भाषेत सांगता यावे, म्हणून वाटीभोवतीचे तीन विभाग १९७६ मध्ये व दांड्याभोवतीचे सात विभाग १९७९ मध्ये ठरविले गेले. गोळा वाटीच्या मध्यावरून वर सरकलेला दिसला, तर वाटी झिजली. झिजेचे सूक्ष्म कण शरीरातील भक्षक पेशी गिळतात, आणि त्या धडपडीत भोवतालचे हाडच विरघळू लागते; चित्रात तेथे काळी पोकळी दिसते.

‘वाढत गेली’, ‘सरकला’ हे शब्द एका चित्रावरून कधीच म्हणता येत नाहीत. त्यासाठी शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेले पहिले चित्र शेजारी ठेवावे लागते. आमच्याकडे मात्र जुन्या फिल्मा गादीखाली चुरगळतात, नाही तर ग्रहणाच्या दिवशी बाहेर येतात. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाला आमच्या शाळेतील मुलांनीही आज्या-आजोबांच्या फिल्मा आणल्या होत्या. तीमधून सूर्य पाहणे डोळ्यांस घातक, आणि अशी फिल्म हरवणे आजीच्या खुब्यास.

चित्र संदिग्ध असेल, तर किरणोत्सर्गी टेक्नेशियम टोचून हाडांचे चित्रण करतात. त्याची शक्ती सहा तासांत निम्मी होते. जेथे हाडाची उलाढाल अधिक, तेथे ते अधिक जमते. पण नव्या सांध्याभोवती शस्त्रक्रियेनंतर वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, अशी उलाढाल चालूच असते. म्हणून येथेही तारीख पाहिल्याविना अर्थ लागत नाही.

सीटी स्कॅनने हाडातील पोकळ्यांचे माप मिळते. एमआरआयने भोवतालचे स्नायू व गाठी दिसतात. धातूमुळे चित्र विस्कटते खरे, परंतु ती विकृती कमी करण्याच्या पद्धती आता निघाल्या आहेत. धातूच्या वाटीत धातूचाच गोळा फिरणाऱ्या सांध्यांच्या बाबतीत त्यांचा विशेष उपयोग झाला. कोबाल्ट व क्रोमियम यांच्या कणांनी तेथे मऊ भागांत गाठी होत असत. अशा सांध्यांचा एक प्रकार निर्मात्यांनी २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला.

जंतुसंसर्गाचा निकाल मात्र केवळ चित्रावर लावीत नाहीत. क्ष-किरणांच्या किंवा ध्वनिलहरींच्या पडद्यावर पाहत सुई सांध्यात नेतात, आतील द्रव काढतात व त्यातील पेशी मोजून जंतू वाढतात काय, हे पाहण्यासाठी तो प्रयोगशाळेत ठेवतात. त्याचे उत्तर यावयास काही दिवस लागतात, आणि तोवर शस्त्रवैद्यालाही थांबावे लागते.