एक रोग दार उघडतो, दुसरा घरात शिरतो



कांडी किडीने ऊस पोखरला की त्याच भोकातून लाल कुजीची बुरशी आत शिरते, हे आपण शिवारात पाहतोच. जनावरांच्या फुफ्फुसाचेही तसेच आहे.

गेल्या पावसाळ्यात माणगाव गटातील एका सभासदाच्या शेळ्या शिंकू लागल्या, नाक गळू लागले. "सर्दी आहे हो, जाईल," असे आम्हीच सांगून आलो. शेळ्या पुन्हा चरायलाही लागल्या. पण पुढच्या आठवड्यात धापा टाकत दोन दगावल्या. चूक आमची होती, म्हणून हा पाठ.

१९३१ साली अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी डुकरांवर प्रयोग केले. नुसता इन्फ्लुएंझाचा विषाणू दिला, तर आजार हलका. नुसता हिमोफिलस जंतू दिला, तर काहीच नाही. दोन्ही एकत्र दिले, तेव्हा मात्र रोग जोरात आला. २००२ साली उंदरांना आधी विषाणू आणि सात दिवसांनी न्यूमोनियाचे जंतू दिले, तर सगळे मेले. क्रम उलटा केला, तर जगण्याचे प्रमाण वाढले. १९१८ च्या साथीतही बहुतेक माणसे तापानंतरच्या जंतूजन्य न्यूमोनियानेच गेली.

याचे कारण असे. श्वासनळीच्या आतली बारीक लव धूळ व जंतू बाहेर लोटत असते. विषाणू ती लव नासवतो, आतले अस्तर उघडे पाडतो, जंतू खाणाऱ्या पेशीही दुबळ्या करतो. मग निरोगी जनावराच्याही नाका-घशात गप्प बसलेले पाश्चुरेला जंतू खाली फुफ्फुसात उतरतात. शेळ्यांच्या पी.पी.आर. रोगात हेच घडते.

तेव्हा एवढे करावे :

१) करडे तीन-चार महिन्यांची झाली की पी.पी.आर. ची लस टोचून घ्यावी. गाई-म्हशी, बैलांना घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी. एक लस दुसरीचे काम करीत नाही.

२) शिंकणारे जनावर वेगळे बांधावे. गोठा कोरडा व हवेशीर ठेवावा, जनावरे दाटीने बांधू नयेत.

३) जनावर सुधारले तरी दोन आठवडे नजर ठेवावी. पुन्हा ताप किंवा धाप दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. प्रतिजैविक औषध विषाणूला मारत नाही, पण मागून आलेल्या जंतूवर वेळेत दिले तर जनावर वाचते. मात्र ते डॉक्टरांनीच ठरवावे.

सर्दी गेली म्हणून धोका गेला, असे समजू नये.