आधी पाणी विचारा

डोंगराचं नाव निघालं की पहिला प्रश्न येतो तो उंचीचा. किती फूट? किती तासांची चढाई? मी डहाणूच्या मसोलीत राहतो. आमच्या बाजूला एकीकडे समुद्र, दुसरीकडे कासा-सायवनकडचे डोंगर, आणि उंचीच्या हिशोबात यातला एकही डोंगर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. गंभीरगड सव्वादोन हजार फुटांच्या आसपास, अशेरी त्याहून कमी. सह्याद्रीच्या मुख्य रांगेत फिरणारी मंडळी याला ‘अर्ध्या दिवसाचा ट्रेक’ म्हणतात. इथे, कच्छात आणि लडाखात फिरण्यात आयुष्याचा बराच भाग घालवल्यावर माझं मत असं झालं आहे की उंचीचा आकडा सगळ्यात शेवटी विचारावा. आधी पाणी विचारावं. वाटेत कुठे आहे, या महिन्यात आहे का, आणि नसेल तर माणशी किती वाहून न्यायचं.

हे मत पक्कं झालं ते गंभीरगडावर.

मार्च महिना होता. मुंबईहून येणारे दोघे महामार्गावरच्या कोंडीत अडकले आणि आम्ही व्याहाळीहून निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते. गावातले एक वारली मामा वाटाड्या म्हणून बरोबर होते. ज्यांनी फक्त पावसाळ्यात आमचे डोंगर पाहिलेत त्यांना मार्चमधला डोंगर ओळखू येत नाही. सागाची पानं झडलेली असतात, गवत वाळून भुरभुरीत झालेलं असतं, काही ठिकाणी वणव्याने काळं पडलेलं असतं. सावली नावाची गोष्ट मोहाच्या, आंब्याच्या एखाद्या झाडाखाली शिल्लक राहते. त्या कातळाच्या आणि घसाऱ्याच्या चढावर आमच्यातला सगळ्यात तरुण गडी सगळ्यांच्या पुढे होता. रोज व्यायाम करणारा, अंगाने भक्कम. पाण्याची एकच बाटली त्याने घेतली होती, कारण वर टाकी आहेत असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

टाकी होतीच. त्यांच्या तळाशी हिरवट पाणी होतं, त्यावर कुजलेली पानं आणि डास.

उतरताना तो गप्प झाला. मग एका दगडावर बसून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती. गाठीवर बोटं फिरवत तो ती पुन्हा बांधू पाहत होता, आणि ते त्याला जमत नव्हतं. कुणीतरी हसलं. मामा हसले नाहीत. त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “भाऊ, याला आता चालवू नका. ऊन लागलंय याला.”

उरलेल्या पाण्याचं काय करायचं यावर आमच्यात क्षणभर वाद झाला. बहुतेकांना वाटत होतं, त्याला ढसाढसा पाजावं. मामांनी त्याला मोहाखाली आडवं केलं, शर्ट काढायला लावला, डोक्याचं मुंडासं सोडून भिजवलं आणि मानेवर, काखेत, जांघेत फिरवायला सुरुवात केली. बाकीच्यांना टोप्यांनी वारा घालायला सांगितलं. तो नीट बोलायला लागल्यावर घोट घोट पाणी, त्यात मीठ-साखर. नंतर गावातून दोन बांबू आणि एक चादर आली, डोली झाली. आमच्या भागात रस्ता नसलेल्या पाड्यावरचा आजारी माणूस आजही अशाच डोलीतून गाडीपर्यंत येतो, त्यामुळे ती बांधायला आणि उचलायला कुणाला शिकवावं लागलं नाही. रात्री दवाखान्यात सलाइन लागलं, दुसऱ्या दिवशी तो घरी गेला.

मामांनी त्या दिवशी जे केलं तेच डॉक्टरही सांगतात. उन्हाने माणूस बरळायला लागला, चालताना झोकांड्या जायला लागल्या, साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर आलं, की शरीराचं तापमान धोक्याच्या रेषेवर पोचलं असं धरायचं. अंग कोरडं पडेपर्यंत थांबायचं नाही, कारण श्रमाने आलेल्या उष्माघातात घाम चालू असतानाही माणूस कोसळतो. आधी अंग गार करायचं, मग हलवायचं. आणि जो पुरता शुद्धीवर नाही त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. ते श्वासनळीत जातं.

आमच्या किनारपट्टीचं ऊन फसवं आहे, ते हवेतल्या दमटपणामुळे. घाम नुसता येऊन अंग गार होत नाही, तो वाळावा लागतो. दमट हवेत तो वाळत नाही, अंगावरून ओघळून जातो. पाणीही गेलं आणि गारवाही मिळाला नाही. म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात 40 अंशांपासून सुरू करतं, पण किनाऱ्यावर 37 अंशांपासून. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यात तास न् तास उन्हात बसलेल्यांपैकी 14 जण उष्माघाताने गेले, तेव्हा पारा 38 च्या आसपास होता. ती माणसं बसलेली होती. डोंगर चढणारं शरीर स्वतःची उष्णता वेगळी तयार करत असतं.

गंमत अशी की उन्हात डोंगर चढू नये हे शहाणपण आमच्याच तालुक्यात फार जुनं आहे, आणि ते दरवर्षी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वापरलं जातं. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते. मंदिरामागचा मुसळ्या डोंगर सरळ सुळक्यासारखा उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावर जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा झेंडा लावण्याचा मान वाघाडीच्या पुजाऱ्याकडे आहे. तो झेंडा घेऊन निघतो मध्यरात्री. श्रद्धेचं कारण भाविकांना ठाऊक आहे. मला त्यात चढणाऱ्याचं गणितही दिसतं: चैत्रातला डोंगर रात्रीच चढावा. देवी पायथ्याशी कशी आली याची कथाही अशीच बोलकी आहे. एक गरोदर बाई दर्शनाला वर निघाली, अर्ध्या वाटेत तिला चक्कर आली, तेव्हा देवीने सांगितलं, तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. माथा गाठलाच पाहिजे असा हट्ट ज्या डोंगरावर देवीने सोडला, तिथे आपण तो का धरावा?

दुपारी सावली शोधतानाही आमच्याकडे डोकं शाबूत ठेवावं लागतं. सगळ्यात गार सावली कड्याच्या पोटाशी असते, आणि आग्या मोहोळ लटकतं तेही तिथेच. धूर, अत्तर, आरडाओरडा, यातलं काहीही त्याला चालत नाही. त्यात डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीच्या बाजूला लोकांनी घरं सोडून तंबूत रात्री काढल्या. तेव्हापासून मी सुट्या दगडांच्या कड्याखाली डबा उघडत नाही. झाडाखाली बसतो, आणि बसण्याआधी काठीने पाला हलवतो. फुरसं लहान असतं, दगडाच्या आडोशाला मातीच्या रंगात मिसळून जातं. साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, यातलं काही करू नये. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून सरकारी दवाखान्यात न्यावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारही विषांवरची लस तिथे मिळते.

आता वाळवंटाकडे येतो, कारण तिथे घामाचा हाच धडा उलट्या बाजूने मिळतो. कच्छात नखत्राण्याजवळ धिणोधर नावाचा डोंगर आहे, 386 मीटरचा. गंभीरगडाच्या जवळपास निम्मा. आमच्याकडे शर्ट पिळावा लागतो, तिथे शर्ट कोरडा. माणसाला वाटतं, आपल्याला घामच येत नाही. संध्याकाळी पाठीवर मिठाची पांढरी रेघ दिसते तेव्हा कळतं की घाम आला तसा वाऱ्याने उडून गेला. डहाणूत शरीर तक्रार तरी करतं, रणाच्या काठावर ते करत नाही. तिथे तहान लागण्याची वाट पाहणारा उशीर करतो. म्हणून घड्याळ लावून प्यावं, आणि नुसतं पाणी पिऊ नये. घामाबरोबर मीठ गेलेलं असतं. ते भरून न काढता लिटरवर लिटर रिचवलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि डोकेदुखी, मळमळ, गुंगी सुरू होते. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या सपाट चमच्याने. हे घरगुती मिश्रण कुठल्याही रंगीत बाटलीपेक्षा भरवशाचं आहे.

लडाख हेही वाळवंटच आहे, थंडीचं. लेहला वर्षभरात साधारण 100 मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे आषाढातला एक दिवस कधी कधी तेवढा बरसतो. हवा इतकी कोरडी की नुसत्या श्वासातून पाणी जात राहतं, आणि थंडीमुळे पाण्याची बाटली हातात घ्यावीशी वाटत नाही. समुद्रसपाटीवरची आमची माणसं सकाळी मुंबईत विमानात बसतात आणि दुपारच्या आत 3,500 मीटरवर उतरतात. उतरल्यावर दोन दिवस काही करायचं नाही, हे त्यांना पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच काढावा, हा नियम दमछाक कमी व्हावी म्हणून नाही. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठलं तर खाली उतरणं हाच खरा उपाय उरतो. डोकेदुखी असताना वर चढू नये. बसून असतानाही धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल, तर रात्र असली तरी उतरावं.

त्याच लेहजवळ 6,153 मीटरचं स्टोक कांगरी आहे. एके काळी हौशी मंडळींचं हे पहिलं सहा हजारी शिखर. 2020 पासून त्याची चढाई बंद झाली, आणि त्यामागे पाणी होतं. स्टोक गावाला पाणी त्याच डोंगरावरच्या हिमनदीतून येतं, आणि वर वाढत चाललेल्या गर्दीचा भार त्या हिमनदीवर पडत होता. ही गोष्ट मी आमच्या पोरांना मुद्दाम सांगतो. डोंगरावरचं पाणी पाहुण्याचं नसतं. अशेरीच्या माथ्यावरची टाकी पोर्तुगीजांच्या आधीपासून माणसं जगवत आली आहेत. 1737 ते 39 च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी ज्या किल्ल्यांसाठी झुंज दिली त्यातला अशेरीही एक, आणि पाण्याशिवाय असा किल्ला चार दिवस लढवता आला नसता. त्या टाक्यात आज लोक पाय सोडून बसतात, पोहतात, थाळ्या विसळतात. उद्या दुपारी तिथे पोचणारा कुणीतरी त्याच पाण्याच्या भरवशावर असेल.

आता करायचं काय, ते थोडक्यात. आमच्या डोंगरांना डिसेंबर-जानेवारी उत्तम. फेब्रुवारीनंतर पहाटे निघून दहाच्या आत सावलीत किंवा पायथ्याला परत यावं. माणशी तीन लिटर पाणी पाठीवर घ्यावं आणि त्यातलं एक लिटर उतरणीसाठी राखावं. टाक्यातलं पाणी मिळालंच तर गाळून, उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून प्यावं. मागे राहणाऱ्यावर जेवढं लक्ष ठेवता तेवढंच सगळ्यात पुढे पळणाऱ्यावर ठेवावं. त्याची तब्येत बिघडते तेव्हा त्याच्याजवळ कुणी नसतं. स्थानिक वाटाड्या घ्यावा, त्याला योग्य पैसे द्यावेत, आणि तो ‘आता नको’ म्हणाला की वाद घालू नये. मोबाइलला रेंज कुठे मिळते ते त्याला ठाऊक असतं. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांसाठी 112 लावायला शेवटी तीच जागा लागते.

सुट्टी जवळ आली की तरुण मुलं माझ्याकडे येतात. ‘काका, आमच्याबरोबर चला’ म्हणतात. शिखराचं नाव, उंची, फोटो, सगळं त्यांच्या मोबाइलमध्ये तयार असतं. मी विचारतो, या महिन्यात वर पाणी आहे का? उत्तर येत नाही. मग मी सांगतो, आदल्या आठवड्यात पायथ्याच्या पाड्यावर जा, एखाद्या म्हाताऱ्याजवळ बसा, विचारून या. बरेच जण पुन्हा येत नाहीत. जे विचारून येतात त्यांच्याबरोबर मी या वयातही कुठलाही डोंगर चढायला तयार असतो.