जादा तासांची मजुरी : उपकार नव्हे, हक्क



रविवारच्या पहिल्या मिस्साला कामाचा डबा सोबत घेऊन आलेली काही माणसे आपल्याला दिसतात. मिस्सा संपली की ती थेट कारखान्यात किंवा दुकानात जातात. आठवडाभर रोज दहा-अकरा तास राबूनही त्यांच्या पगारात ओव्हरटाइमचा रुपया नसतो. विचारले तर उत्तर येते, "शेठ म्हणाले, दिवाळीला बघू." समूहसभांत हा विषय पुन्हा पुन्हा निघतो, म्हणून या आठवड्याच्या अभ्यासासाठी आम्ही तो घेतला आहे.

पवित्र शास्त्र काय सांगते?

अनुवाद २४:१४-१५ मध्ये देवाची आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. तो मजूर आपला असो वा परका, आज्ञा एकच. संत याकोब (५:४) तर म्हणतात की अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी पोहोचतो.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला (मत्तय २०:१-१६) पुढे करून "मालकाची मर्जी" असे कोणी म्हणते. पण तो मालक संध्याकाळ होताच पैसे देतो. उशिरा आलेल्यांना तो जास्त देतो, कोणाचेही कापत नाही. त्याची मर्जी देण्यासाठी आहे, बुडवण्यासाठी नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण

१५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरूम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. नाइलाजाने कामगार कमी मोबदल्याला "हो" म्हणाला, तरी तो व्यवहार न्याय्य ठरत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. कामगाराची मजुरी बुडवणे हे स्वर्गाकडे दाद मागणाऱ्या पापांपैकी एक आहे, असे ख्रिस्तसभा आजही शिकवते. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण केली होती.

कायदा काय म्हणतो?

जादा कामाला दुप्पट दर हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनीही ते कायम ठेवले आहे. जादा कामासाठी कामगाराची संमती लागते. पगाराची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत, तर ज्या आस्थापनेत काम झाले तिच्या मालकावर ती जबाबदारी येते.

हिशेब असा करावा. समजा, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिन्याला १५,६०० रुपये आहेत. २६ दिवसांनी भागल्यास रोजचे ६००, आणि आठ तासांनी भागल्यास तासाचे ७५ रुपये. जादा तासाचे झाले १५० रुपये. महिन्यात वीस दिवस दोन-दोन तास जादा काम केले, तर ४० तासांचे ६,००० रुपये होतात. एवढ्या पैशांत घरभाडे किंवा मुलांची फी भागते. "सांभाळून घेऊ" या शब्दात एवढी रक्कम नाहीशी होते.

काय करावे?

१. रोज कामावर आल्याची व सुटल्याची वेळ वहीत लिहावी. घरी कॅलेंडरवर लिहिली तरी चालेल.

२. पगाराच्या पावत्या, हजेरी कार्ड व कामाला बोलावल्याचे मोबाइलवरील निरोप जपून ठेवावेत.

३. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता कशावरही सही करू नये.

४. प्रथम मालकाशी नम्रपणे बोलावे, मग लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

५. तरीही दाद न मिळाल्यास कामगार कार्यालयात किंवा नोंदणीकृत युनियनमार्फत दावा करावा. त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. पण थांबू नये.

नोकरी जाईल ही भीती खोटी नाही, हे आम्ही जाणतो. घर एकाच पगारावर चालत असेल तर तोंड उघडणे कठीण जाते. म्हणूनच एकट्याने जाऊ नये. सोबतच्या चार कामगारांनी मिळून जावे. अशा वेळी आपल्या समूहानेही त्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

आपल्या घरातही पाहू

आपल्यापैकी अनेकांकडे घरकामाला बाई येते, वाडीत गडी असतो, दुकानात पोरगा असतो. लग्नाच्या आदल्या रात्री बारापर्यंत भांडी घासणाऱ्या बाईच्या हातावर आपण उरलेले जेवण ठेवतो आणि फिटले असे मानतो. जेवण हा प्रेमाचा भाग झाला. मजुरी वेगळी द्यावी लागते. मालकाकडे आपण जे माप मागतो, तेच माप आपल्या दारात आलेल्याला दिले नाही, तर आपली मागणी कोणत्या तोंडाने करणार?

समूहात चर्चेसाठी

१. आपल्या विभागात जादा तासांचे पैसे न मिळणारे कोण आहेत? त्यांना आपण कशी साथ देऊ?

२. गेल्या महिन्यात आपण कोणाकडून जादा काम करून घेतले? त्याचे पैसे दिले का?

प्रार्थना : हे प्रभू येशू, नाझरेथच्या सुतारशाळेत तू घाम गाळलास. आमच्या कष्टाचे मोल मागण्याचे धैर्य आम्हांला दे आणि दुसऱ्याच्या कष्टाचे मोल वेळेवर देण्याचे मन दे. आमेन.