रिकामं आणि न आलेलं

गूगलमध्ये पानाच्या नावाखाली दिसणाऱ्या ओळी काही वेळा ‘मेटा डिस्क्रिप्शन’मधून येतात. त्या भरायला मी वर्डप्रेसमध्ये स्वतःचा मेटा बॉक्स बनवला. टप्पे तीन: ‘अ‍ॅड मेटा बॉक्स’ फंक्शनने चौकट दाखवणे, ‘सेव्ह पोस्ट’ हुकवर मजकूर साफ करून साठवणे आणि पानाच्या हेडमध्ये एस्केप करून छापणे. सगळं झकास चाललं!

मग मित्राने क्विक एडिटमधून फक्त शीर्षक बदललं आणि डिस्क्रिप्शन गायब! ‘सेव्ह पोस्ट’ तिथेही चालतो, पण माझी चौकट तिथे नसते. माझ्या कोडने जुन्यावर रिकामा मजकूर लिहिला होता.

उपाय सोपा आहे. चौकटीसोबत ‘नॉन्स’ हे सुरक्षा टोकन पाठवा. ते आलं नाही, तर काहीही न लिहिता परत फिरा. रिकामं आणि न आलेलं, यांत फरक असतो!