परकीय साहाय्य आणि वर्गातील अध्यापन : अणशीच्या निमित्ताने

कारवारहून काळी नदीच्या खोऱ्यातून निघालेला रस्ता कद्रा मागे टाकतो, घाट चढतो आणि अणशीस पोहोचतो. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा, म्हणजे पूर्वीच्या सुपा, तालुक्यातील हे गाव दाट अरण्याने वेढलेले आहे. १९८७ साली येथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. आज ते काळी व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहे. परिसरात कुणबी समाजाच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. अशा प्रदेशात पटावर मुले थोडी, शिक्षक एक-दोन आणि इयत्ता मात्र अनेक, ही प्राथमिक शाळेची नेहमीची अडचण होय. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीचा पट साठपर्यंत असल्यास दोन शिक्षक असावेत. दोन शिक्षक आणि पाच इयत्ता हे गणित मांडले, की एका इयत्तेस शिकविताना दुसरीने काय करावे, हा प्रश्न उरतोच. परकीय साहाय्याने झालेल्या सुधारणांनी त्यास कोणते उत्तर दिले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

साहाय्याचे स्वरूप

१९९४ साली देशात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. जागतिक बँक, युरोपीय समुदाय, ब्रिटन, नेदरलँड्स व युनिसेफ यांचे साहाय्य त्यास लाभले. खर्चाचा ८५ टक्के भार केंद्राने व १५ टक्के राज्याने उचलावयाचा होता. यातील जागतिक बँकेचा पैसा ही देणगी नव्हती. ते दीर्घ मुदतीचे सवलतीचे कर्ज होते. इमारतींवरील खर्चास आरंभी २४ टक्क्यांची मर्यादा होती. पैसा भिंतींत न जिरता अध्यापनाकडे वळावा, हा त्यामागील हेतू. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी गट व समूह साधन केंद्रे याच कार्यक्रमातून उभी राहिली.

पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील तत्कालीन औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद व परभणी हे जिल्हे आणि कर्नाटकातील बेळगाव, कोलार, मंड्य व रायचूर हे जिल्हे निवडले गेले. स्त्री-साक्षरता राष्ट्रीय सरासरीहून कमी असणे ही निवडीची एक कसोटी होती. उत्तर कन्नड जिल्हा या कार्यक्रमात आला नाही. जिल्हा हे माप धरले, म्हणजे किनाऱ्यावरील कुमठा आणि अरण्यातील जोयडा एकाच तागडीत तोलले जातात, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

अरण्यातून अरण्याकडे

अणशीसारख्या गावांच्या उपयोगाची पद्धती मात्र दुसऱ्याच एका अरण्यप्रदेशात तयार झाली. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ साली युनिसेफच्या साहाय्याने ‘नली-कली’ हा उपक्रम सुरू झाला. ‘आनंदाने शिका’ असा त्याचा अर्थ. तेथील शिक्षकांनी आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांतील काम पाहिले आणि त्या धर्तीवर स्वतः कार्डे तयार केली. २००९-१० पासून ही पद्धती राज्यभरातील शासकीय कन्नड शाळांच्या पहिल्या इयत्तांत लागू झाली.

या पद्धतीत इयत्तावार रांगा नसतात. पाठ्यक्रमाचे लहान लहान टप्पे पाडून त्यांची एक शिडी केलेली असते. प्रत्येक टप्प्याचे कार्ड असते व त्यावर ओळखीचे चित्र असते. मुले गटांत बसतात : काही शिक्षकाच्या पूर्ण मदतीने, काही थोड्या मदतीने, काही सोबत्यासह, तर काही स्वतःच्या बळावर शिकतात. भिंतीच्या खालच्या भागात प्रत्येकासाठी फळ्याचा तुकडा असतो, आणि कोण कोठवर आला हे तक्त्यावर दिसते.

सर्वांत मोठा लाभ गैरहजेरीच्या बाबतीत आहे. आषाढ-श्रावणात ओढे भरले, की वस्तीवरचे मूल आठवडाभर शाळेत येऊ शकत नाही. नेहमीच्या वर्गात तोवर धडा पुढे गेलेला असतो आणि ते मूल मागे पडते ते पडतेच. येथे परतलेले मूल आपल्याच पायरीवरून पुढे चालू लागते.

उणिवा आणि कर्तव्ये

तथापि कार्ड म्हणजे शिक्षण नव्हे. कार्डे फाटतात, हरवतात. प्रशिक्षित शिक्षकाची बदली होते. शिवाय घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाच्या हाती कन्नड कार्ड येते. पहिल्या काही महिन्यांत त्याच्या घरच्या बोलीचा आधार दिला नाही, तर शिडीची पहिलीच पायरी त्याला उंच वाटते.

म्हणून अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी पटसंख्येबरोबर प्रगतितक्ताही पाहावा. शिक्षकांनी साधन केंद्राच्या बैठकीत स्वतःच्या अडचणी मांडाव्यात आणि गावच्या झाडापाखरांची नावे घेऊन नवी कार्डे तयार करावीत. ग्रामस्थांनी शाळा समितीच्या सभेत इमारतीच्या रंगाबरोबरच ‘माझे मूल कोणत्या पायरीवर आहे?’ हेही विचारावे.

महाराष्ट्रासह सहा राज्यांतील शिक्षणसुधारणेसाठी जागतिक बँकेने २०२० साली ५० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. असे साहाय्य मुदतीचे असते. मुदत संपते, कर्ज फेडावे लागते. त्यातून शिक्षकाच्या हाती आलेली रीत आणि गावाला लागलेली विचारण्याची सवय मात्र टिकू शकते. ती टिकली, तरच घाटमाथ्यावरील त्या लहानशा वर्गापर्यंत हे साहाय्य पोहोचले असे म्हणता येईल.